दोन पिंगळे

वाचकहो, पिंगळा तुमच्या ओळखीचा आहे. गावच्या वडाच्या ढोलीत नाहीतर पडक्या भिंतीच्या भोकात त्याचे बिऱ्हाड असते. पहाटे दारी येऊन भविष्य सांगणाऱ्याला त्याची भाषा कळते, असे जुने लोक म्हणतात. म्हणून त्या माणसालाही पिंगळाच म्हणायचे!

याचा एक भाऊबंद रानात राहतो. तो रानपिंगळा. गावच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. याचे डोके जवळजवळ कोरे. पाय दणकट, शेपटीवर रुंद पट्टे. आणि हा दिवसाढवळ्या शिकार करतो.

१८७२ साली ब्लेविट यांना तो आजच्या छत्तीसगडात सापडला. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम पक्षितज्ज्ञही होते. त्यांनी १८७३ साली त्याला ब्लेविट यांचे नाव दिले. मग आपल्या खानदेशात, शहादा-तळोदा भागात डेव्हिडसन यांना तो मिळाला. १८८४ नंतर मात्र पत्ता नाही!

त्यात एक लबाडी झाली. माइनर्टझागन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने संग्रहालयातला जुना नमुना चोरला आणि १९१४ साली गुजरातेत मांडवीला मिळाला, अशी चिठ्ठी त्याला लावली. या खोट्या चिठ्ठीने शोध घेणारे वाट चुकले. पामेला रासमुसेन यांनी ही चोरी उघडकीस आणली, जुन्या खऱ्या नोंदी धरल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी!

पुढे तो मेळघाटात, यावलला, तानसा अभयारण्यातही आढळला. नव्या जागा कळल्या म्हणून २०१८ साली जागतिक यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आला. याचा अर्थ पक्षी वाढले, असा नव्हे. गावच्या पिंगळ्याला त्याच यादीत धोका नाही. कारण उघड आहे. झाड गेले तर गावचा पिंगळा भिंतीचे भोक शोधतो. रानपिंगळ्याला जुन्या झाडाची ढोलीच लागते. रान तुटले, वणव्यात जळले, की त्याने जावे कुठे?

गुरुजी, सातपुड्याच्या पायथ्याशी तुमची शाळा असेल, तर मुलांना ठिपक्यांचे डोके आणि कोरे डोके ओळखायला शिकवा. दिसलेला पक्षी, जागा, तारीख वहीत लिहून ठेवायला सांगा. न दिसलेले मात्र लिहू देऊ नका. आणि शेतकरी दादा, बांधावरचे पोकळ झाड तोडण्याआधी ढोलीत एकदा डोकावून पाहा. आत कुणाचा तरी संसार असेल.