थर्मल पेस्ट की लिक्विड मेटल? विदर्भाच्या उन्हाळ्यात पीसीला काय लावावं?

उन्हात मोबाईल तापला की स्क्रीन आपोआप अंधूक होते आणि गेम अडकायला लागतो, हे तुम्ही पाहिलंच असेल. कॉम्प्युटरचा प्रोसेसरही तसंच करतो. फार तापला की आधी वेग कमी करतो, आणि तेवढ्यानंही भागलं नाही तर मशीन सरळ बंद होते.

गेल्या मे महिन्यात झरी जामणीत माझ्या जुन्या पीसीचं हेच झालं. बहिणीचा प्रवेशाचा फॉर्म भरताना तो दोनदा बंद पडला आणि मुदत उरली होती दोन दिवस. एचडब्ल्यूमॉनिटरमध्ये पाहिलं तर प्रोसेसर ९८ अंशांवर! शेवटी पहाटे चारला उठून, गारव्यात फॉर्म भरला. मग कूलर उघडला. आतली पेस्ट वाळलेल्या चुन्यासारखी झाली होती.

थर्मल पेस्टचं काम काय?

प्रोसेसर आणि कूलर दिसायला गुळगुळीत असले, तरी दोघांमध्ये बारीक फटी राहतात. त्यात हवा अडकते आणि हवा उष्णता नीट वाहून नेत नाही. तिची उष्णतावाहकता फक्त ०.०२६ आहे (वॅट प्रति मीटर-केल्विन). चांगल्या पेस्टची साधारण ४ ते १२, तर तांब्याची जवळपास ४००. म्हणजे पेस्ट हवेपेक्षा कितीतरी बरी, पण धातूपेक्षा खूप कमजोर. म्हणून ती फक्त फटी भरण्यापुरतीच हवी, जाड थर नको.

मग लिक्विड मेटल का नको?

हे गॅलियमचं मिश्रण असतं. पाकिटावर ७० च्या आसपास आकडा दिसतो, त्यामुळे मोह होतो. मीही मागवणारच होतो, पण आधी कूलरचा तळ पाहिला. तो ॲल्युमिनियमचा निघाला, आणि गॅलियम ॲल्युमिनियमला आतून ठिसूळ करून टाकतं. दुसरा धोका म्हणजे त्यातून वीजही वाहते. एक थेंब मदरबोर्डवर सांडला तर शॉर्ट सर्किट होऊ शकतं. २०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ मध्ये लिक्विड मेटल आहे, पण तिथे ते कारखान्यातच, गळू नये अशी सोय करून भरलेलं असतं. घरी पहिल्यांदाच करणाऱ्यानं साधी, वीज न वाहणारी पेस्टच घ्यावी.

पेस्ट कशी लावायची?

१. पीसी पाच-दहा मिनिटं चालवा, म्हणजे जुनी पेस्ट थोडी मऊ होईल. मग बंद करून प्लग काढा.

२. कूलर सरळ वर ओढू नका, हळूच डावी-उजवीकडे फिरवून सोडवा. एएमडीच्या एएम४ प्रोसेसरला खाली पिना असतात. तो कूलरला चिकटून उपटला गेला तर पिना वाकतात.

३. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडानं दोन्ही बाजू पुसा. फॅनमधली धूळही काढा.

४. प्रोसेसरच्या मधोमध तुरीच्या दाण्याएवढा ठिपका ठेवा. बोटानं पसरवू नका, कूलरच्या दाबानं तो आपोआप पसरतो.

५. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. फॅनची वायर जोडल्याशिवाय पीसी चालू करू नका.

फरक किती पडला?

वणीहून आणलेल्या साध्या पेस्टनं आणि साफसफाईनं माझं तापमान ८४ वर आलं, तेही भर दुपारी. पण एक लक्षात ठेवा, कूलर उष्णता खोलीतल्याच हवेत सोडतो. त्याच कामासाठी २५ अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर ६५ वर राहतो, तो ४५ अंशांच्या खोलीत साधारण ८५ वर जाणारच. कोणतीही महागडी ट्यूब हे गणित बदलू शकत नाही. म्हणून आधी धूळ काढा, मग पेस्ट बदला, कॅबिनेट भिंतीपासून दूर ठेवा आणि जड कामं सकाळी उरका. आमच्याकडे मे महिन्यात शेतातली कामंही सकाळीच उरकतात!