प्रवाळाचं कलम

"मेलंय ते. वास सुटायच्या आत टाकून ये," आई म्हणाली. सप्टेंबर २०२० ची गोष्ट. नायगावच्या बीडीडी चाळीतली आमची १६० चौरस फुटांची खोली, खिडकीखाली दोन फुटी काचेची टाकी आणि टाकीच्या तळाशी 'लेदर'चा तुकडा. लेदर हे मऊ प्रवाळ. त्याला दगडी सांगाडा नसतो. चामड्यासारखं चिवट अंग आणि वर छत्री. कुर्ल्याच्या मित्राने आपल्या मोठ्या लेदरची कड ब्लेडने कापून मला दिली होती. त्याच्याकडे त्या छत्रीवर शेकडो इवली फुलं डोलत असत. माझ्याकडे येऊन तीन आठवड्यांत ते सुकल्या अळंबीसारखं आकसलं, राखाडी पडलं आणि बुडाशी काळं झालं.

मी ते टाकलं नाही. प्रवाळ कापलं तरी जगतं, हे माणसाला कळायला किती काळ लागला, ते मी तेवढ्यात वाचलं होतं.

संस्कृतात 'प्रवाल' म्हणजे पोवळं आणि कोवळा अंकुरही. आपल्याकडे नावातच त्याला झाडाचा दर्जा मिळाला. युरोपातही ते समुद्रातलं झुडूपच मानलं जाई. पेसोनेल नावाच्या फ्रेंच वैद्याने १७२० च्या दशकात भूमध्य समुद्रातली पोवळी पाण्यात ठेवून पाहिली आणि सांगितलं, ही फुलं नव्हेत, हे प्राणी आहेत. त्याचं म्हणणं तेव्हा मोठ्या शास्त्रज्ञांनी मनावर घेतलं नाही. पुढे १७४० च्या दशकात आब्राहम ट्रेम्बली हॉलंडमध्ये मुलांना शिकवता शिकवता गोड्या पाण्यातला हायड्रा कापत बसला. प्रत्येक तुकड्याचा नवा हायड्रा झाला. प्राणी असून कलमासारखा रुजतो! हायड्रा म्हणजे प्रवाळाचा दूरचा भाऊबंद.

पण ते घरातल्या काचेत जगवायचं कसं, हा प्रश्न पुढे दोनशे वर्षं राहिला. त्याचं उत्तर जकार्ताच्या ली चिन एंग यांनी दिलं, आणि मला त्यांचं फार अप्रूप वाटतं. त्यांच्याकडे भारी यंत्रं नव्हती. समुद्रातून जिवंत खडक आणले, समुद्राचंच पाणी घेतलं, हवेचे संथ बुडबुडे सोडले आणि ऊन येऊ दिलं. खडकावरचे सूक्ष्म जीवच पाणी स्वच्छ ठेवत. १९६१ मध्ये त्यांनी ही रीत लिहून काढली. पुढे बर्लिनच्या छांदिष्टांनी जिवंत खडकाला फेस काढणाऱ्या नळकांड्याची जोड दिली. त्यांच्यातल्या डीट्रिश श्ट्यूबर यांनी एका कठीण प्रवाळाच्या तुकड्यापासून फांद्या वाढवल्या आणि लोकांना वाटल्या. त्या फांद्यांच्या फांद्या घरोघर गेल्या, तुळशीचं रोप शेजारी जातं तशा.

आमच्या चाळीत हा छंद गप्पी माशांपासून सुरू झाला. डासांच्या अळ्या खातात म्हणून महापालिका ते विहिरींत सोडायची. आम्ही पोरं बरण्यांत पाळायचो. समुद्राचे मासे मी प्रथम पाहिले ते १९८२ मध्ये. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला होता. बाबा स्प्रिंग मिलमध्ये कामाला. एरवी पाळीवरून आले की झोपायचे, त्या वर्षी दिवसचे दिवस रिकामे. एका दुपारी त्यांनी मला चर्नी रोडला उतरवून तारापोरवाला मत्स्यालयात नेलं. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते १९५१ मध्ये उघडलेलं ते मत्स्यालय. बाबा एकेका काचेसमोर इतका वेळ थांबत की मागचे लोक कुरकुरत. घरी पगार नव्हता, तरी तिकिटाचे पैसे त्यांनी काढले. त्या दिवसाबद्दल आम्ही पुढे कधी बोललो नाही. टाकी मी घेतली ती त्यांच्या पश्चात.

समुद्राच्या टाकीत प्रवाळ ठेवायचं तर इथे कायदाही ठाऊक हवा. २००१ मध्ये सर्व कठीण, खडक बांधणारी प्रवाळं, काळं पोवळं, समुद्रपंखे हे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेले, वाघाच्या पंगतीला. ते योग्यच झालं. म्हणून आपल्या किनाऱ्यावरून काहीही उचलायचं नाही. मित्राच्या टाकीत वाढलेलं लेदर, त्याचाच तुकडा, एवढंच मी घेतलं.

मित्राने फोनवर पहिला प्रश्न विचारला, "खारटपणा कशाने मोजतोस?" माझ्याकडे प्लास्टिकच्या काट्याचं स्वस्त मापक. ते १.०२५ दाखवी. त्याने पाठवलेल्या दुर्बिणीसारख्या मापकात आकडा आला १.०३१. चूक माझीच. पंख्याखाली पाणी उडून जाई, मीठ टाकीतच राही, आणि उडालेल्या पाण्याच्या जागी मी मिठाचंच पाणी घालत होतो. मग फिल्टरचं गोडं पाणी थोडं थोडं घालत रोज एक हजारांश उतरवला. सहा दिवस लागले. घाईने उतरवलं असतं तर तो दुसरा धक्का बसला असता.

काळं बूड नव्या ब्लेडने कापलं, पांढरं घट्ट मांस लागेपर्यंत. टाकीच्याच पाण्यात आयोडीनचे थेंब टाकून काही मिनिटं बुडवलं. बुळबुळीत अंगाला गोंद धरत नाही, म्हणून मच्छरदाणीचा तुकडा आणि रबरबँडने ते खडकाच्या खापरीवर सैलसर बांधलं. प्रवाह लागेल पण झोडपणार नाही, अशा कोपऱ्यात ठेवलं. कापलेलं लेदर पाण्यात विषारी द्रव्यं सोडतं, म्हणून कोळशाची पुरचुंडी लावली. मग हात बाहेर. हे सगळ्यांत अवघड. रोज उचलून बघायचा मोह होतो, आणि उचललं की धरलेलं सुटतं.

अकराव्या दिवशी त्याच्यावर मेणासारखा चकचकीत पापुद्रा आला. मला वाटलं, संपलं. मित्र म्हणाला, "कात टाकतंय. थांब." १२ ऑक्टोबरला सकाळी दहाच्या सुमारास सगळ्या मुंबईची वीज गेली. पंप थांबले. मी आणि आई आळीपाळीने तांब्याने टाकीतलं पाणी काढून उंचावरून परत ओतत राहिलो, त्यात हवा मिसळावी म्हणून. पंखा पुन्हा फिरला तेव्हा आईचे खांदे भरून आले होते. दोन दिवसांनी पापुद्रा प्रवाहात सुटून गेला. खाली पिवळसर अंग होतं, आणि कडेला मोहरीएवढी सात फुलं. आईने मोजली.

त्याच नोव्हेंबरात सागरी किनारा रस्त्यासाठी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या १८ वसाहती हलवल्या. काही कुलाब्याच्या किनाऱ्याला नेल्या. काम गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली झालं. नायगावपासून वरळीचा समुद्र किती जवळ. तरी तिथे प्रवाळ आहे हे मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ते उचलायची वेळ आल्यावर कळलं. ती बातमी मी आईला दोनदा वाचून दाखवली. "त्यांनापण बांधलं असेल का रे रबरबँडने?" तिने विचारलं.

माझं लेदर आता वीतभर पसरलंय. गेल्या मे महिन्यात मित्राच्या टाकीचं पाणी तापलं आणि त्याचं मूळ प्रवाळ गेलं. रविवारी मी छत्रीची एक कड कापली, पिशवीत पाणी आणि हवा भरून गाठ मारली आणि कुर्ल्याला निघालो. जिन्यापर्यंत पोचलो तोच आईने वरून हाक मारली आणि मच्छरदाणीचा तुकडा खाली टाकला.