हरकत असेल तर सांगा, नसेल तर बांधू द्या

घर बांधायचे तर आधी परवानगीसाठी पालिकेचे उंबरठे झिजवायचे, ही रीत मुंबईकराला जणू अनादि काळापासूनची वाटते. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याची घडण मात्र निराळी होती. कलम ३३७ प्रमाणे मालकाने नव्या बांधकामाची सूचना आयुक्तांना द्यायची, दुरुस्ती-फेरफारांची कलम ३४२ प्रमाणे. आणि तीस दिवसांत आयुक्तांनी हरकत कळवली नाही, तर कलम ३४५ च्या आधारे काम सुरू करायचे. मुदतीचे ओझे मालकावर नव्हे, कार्यालयावर होते. बांधकाम परवानगी म्हणून आजवर मिरवलेला मुंबईचा ‘आयओडी’ (इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल) हा कागदही कायद्याच्या भाषेत नापसंतीच होता: अमुक अटी पाळल्याशिवाय काम नको, एवढेच सांगणारी.

यावर आक्षेप ठरलेला: अशा सैल कारभारामुळेच अंधाऱ्या चाळी उभ्या राहिल्या आणि १८९६ च्या प्लेगने तिथेच थैमान घातले. चाळींबद्दलचे म्हणणे खरे आहे, पण त्यातून निघणारा धडा वेगळा आहे. प्लेगनंतर १८९८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आणला. इमारतीची उंची समोरच्या मोकळ्या जागेच्या साधारण दुपटीपेक्षा जास्त नको, म्हणजे दहा फुटांच्या मोकळ्या पट्ट्यासमोर वीस फूट भिंत, त्याहून वर नाही. खालच्या खोलीत उजेड पोचावा म्हणून काढलेला हा हिशेब गवंड्यालाही फूटपट्टीने पडताळता येई. उणीव विलंबाची नव्हती, मोजता येईल अशा नियमाची होती. पुढे १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानेही साठ दिवसांत उत्तर न आल्यास नियमानुसार असलेल्या कामाला परवानगी मिळाली असे मानण्याची तरतूद केली. पण एफएसआय (चटईक्षेत्र निर्देशांक), ना-हरकत दाखले आणि अधिकाऱ्याच्या मर्जीवरच्या सवलती वाढत गेल्या, तशी ही मुदत कागदावरच राहिली.

डिसेंबर २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने मुंबई वगळता बहुतांश राज्यात जुना करार काही अंशी परत आणला. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर परवानाधारक तंत्रज्ञाच्या सहीचा नकाशा दिला आणि शुल्क भरले, की पोचपावतीच परवानगी. मालकाच्या सचोटीवर एवढा विश्वास कसा टाकायचा, हा प्रश्न रास्त आहे. पण २०१३ साली मुंब्र्याजवळ कोसळून ७४ बळी घेणारी इमारत परवानगीविनाच उभी राहिली होती. कार्यालयातली छाननी तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती. पोचायला हवा होता जागेवर जाणारा अभियंता. म्हणून साध्या घराच्या फायलीतून वाचलेले मनुष्यबळ जागेवरच्या तपासणीला लावा, खोटी सही करणाऱ्या तंत्रज्ञाचा परवाना रद्द करा आणि मुदत टळली तर जाब कार्यालयाला विचारा. नियम कडक असावेत, पण ताटकळत ठेवणे म्हणजे कडकपणा नव्हे.