केशरोपण
डोक्याच्या मागील भागातील, सहसा न गळणारे केस मुळांसह काढून टकलावर लावण्याची शस्त्रक्रिया. एफयूटी या पद्धतीत त्वचेची पट्टी कापून १ ते ४ केसांचे पुंजके सुटे करतात. मागे रेषेसारखा व्रण राहतो. एफयूई या पद्धतीत पंच या सुमारे १ मिमी व्यासाच्या अवजाराने एकेक पुंजका काढतात. ठिपके उरतात, त्यामुळे केस बारीक ठेवणाऱ्याला ती सोयीची. मागचा साठा मात्र दोन्हींत मर्यादितच. विशीतल्या तरुणाने तो घाईने उधळू नये.

बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातील गावांत २०२४ च्या अखेरीस अनेकांना अवघ्या काही दिवसांत टक्कल पडले. अशा अचानक गळतीवर रोपण हा उपाय नव्हे. आधी कारण शोधावे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या सूचनांनुसार डॉक्टरांनी कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहून केशरोपण शिकणे पुरेसे नाही.