उंबरठ्यावरचा वसंत

चैत्र-वैशाख वसंत ऋतू, हे आपण लहानपणीच घोकून ठेवलेले असते. डोंगरातला माणूस मात्र त्यावर विचारतो, "कोणत्या उंचीवर?"

कुमाऊंच्या डोंगरांत महिने सूर्याच्या संक्रांतींवर मोजतात. मीन संक्रांत, म्हणजे १४ मार्चच्या आसपासचा दिवस, हा त्यांच्या चैत्राचा पहिला. त्या दिवशी 'फूलदेई' असते. पोरेसोरे पहाटे टोपल्या घेऊन निघतात, पिवळी प्योली, आडूचा गुलाबी बहर आणि बुरांशाची लालभडक फुले गोळा करतात, आणि घरोघरच्या उंबरठ्यावर ती वाहून त्या घराचे भले चिंतितात. बदल्यात तांदूळ-गूळ मिळतो. मोठ्यांनी लुडबूड न केलेले असे सण आता थोडेच उरले आहेत.

पंचाईत एवढीच, की सणाचा दिवस ठरलेला, फुलांचा नाही. हॉपकिन्स या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने १९१८ साली आडाखा बांधला, की दर ४०० फूट चढणीला वसंत चार दिवस मागे राहतो. तो मानला, तर एकाच डोंगरावर हजार फूट वरच्या गावी ऋतू दहा दिवस उशिरा पोहोचणार. त्यात भूमध्य समुद्राकडून येणारी वादळी हवा ऐन मार्चात बर्फ टाकून जाते. उन्हाच्या उतारावर फूल, तर सावलीच्या उतारावर हिम!

इथे आपल्या मराठी पंडितांची आठवण होते. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी एकोणिसाव्या शतकात सायन पंचांगाचा कैवार घेतला. तक्रार रास्त होती. आपले निरयन वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठे. त्यामुळे संक्रांत दर ७२ वर्षांत जवळजवळ एक दिवस ऋतूच्या मागे पडते. मेष संक्रांत एके काळी वसंतसंपाताला होती. आज ती १४ एप्रिलला, म्हणजे तब्बल २४ दिवस उशिरा येते. मेघनाद साहांच्या समितीच्या शिफारशीनंतर २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिकेचा चैत्र ऋतूशी बांधला गेला. सरकारी कागदांवर तो छापला जातो. सणांनी काही तो मनावर घेतला नाही.

पण दीक्षितांनाही न सुचलेली गोष्ट आता घडते आहे. पंचांग हळूहळू मागे सरकते आहे आणि फूल झपाट्याने पुढे येते आहे. हिवाळा कोरडा आणि उबदार गेला, की बुरांश जानेवारीतच फुललेला दिसू लागला आहे. संक्रांतीपर्यंत खालच्या उतारांवर त्याच्या पाकळ्यांचा सडा पडून काळवंडतो. बुरांशाचे सरबत करून चार पैसे मिळवणाऱ्या बायकांचा हंगामही त्याबरोबर हलतो, आणि तो कधी यायचा हे कुणाला सांगता येत नाही.

अशाच एका वर्षी मी तिथे होतो. शेजारच्या आमांनी नातवंडांना देवळामागच्या वरच्या रानात पिटाळले. मुले उशिरा परतली, टोपल्या अर्ध्याच. मग शेतातली मोहरीची फुले तोडून त्यांनी वर भर घातली आणि पहिल्या दाराशी उभी राहिली. आमांनी मोहरीकडे पाहिले, आणि प्रत्येकाच्या टोपलीत नेहमीएवढीच मूठ तांदूळ घातले.