प्रश्नपत्रिका कोणाची?

मुलाला परीक्षेला बसवायचे नाही असे एखाद्या पालकाने आज ठरवले, तर आपण त्याकडे बालमानसशास्त्राचा प्रश्न म्हणून पाहतो. जालन्याच्या परिसरात मात्र तो एके काळी राज्यसत्तेचा प्रश्न होता.

जालना स्वतंत्र जिल्हा झाला 1 मे 1981 रोजी. त्याआधी तो औरंगाबाद जिल्ह्याचा भाग, आणि सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यातला. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. इंग्रजी बाजूला सारून भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा हा प्रयोग थोर होता, हे मान्य करायला आम्हांस संकोच वाटत नाही. पण मराठी घरातल्या मुलाच्या दृष्टीने एका परक्या भाषेच्या जागी दुसरी आली, इतकेच. त्याची बुद्धी आणि त्याचे उर्दू एकाच गुणांकात मोजले जात होते.

यातून बाहेर पडण्याची एक वाट 1921 साली हिप्परग्याला, आजच्या धाराशिव जिल्ह्यात, निघाली. तिथल्या राष्ट्रीय शाळेचे पुढे मुख्याध्यापक झालेले व्यंकटेश खेडगीकर, म्हणजेच स्वामी रामानंद तीर्थ, स्वतः असहकाराच्या काळात सरकारी शाळा सोडलेले विद्यार्थी. सरकारी प्रमाणपत्राविना शिक्षण होऊ शकते, याचा पुरावा पालकांसमोर हेडमास्तरांच्या रूपाने उभा होता!

दुसरी वाट 1938 ची. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजात आणि हैदराबादच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास बंदी आली. विद्यार्थी हटले नाहीत, आणि त्यांना काढून टाकण्यात आले. हा परीक्षेवरचा बहिष्कार नव्हता. परंतु गाणे सोडायचे की परीक्षा, असा पेच समोर आल्यावर शेकडो मुलांनी परीक्षा सोडली. कुलगुरू टी. जे. केदार यांच्या नागपूर विद्यापीठाने त्यांतल्या अनेकांना प्रवेश दिला.

इथे थोडे थांबायला हवे. एका विद्यापीठाची परीक्षा सोडलेली मुले दुसऱ्या विद्यापीठाच्या परीक्षेला बसली. काहींना यात विसंगती दिसेल. आम्हांस ती दिसत नाही. त्यांचे भांडण परीक्षेशी नव्हते, ती घेणाऱ्याच्या अधिकाराशी होते. मात्र नागपूर गाठायला गाडीभाडे लागते, आणि परगावी राहण्याचा खर्चही. ज्या घरांना ते झेपणारे नव्हते, तिथल्या मुलांच्या हाती ना उस्मानियाची सनद आली ना नागपूरची. चळवळीच्या आठवणी बहुधा शिकलेल्यांनी लिहिल्या. ही मुले त्यांत क्वचितच भेटतात.

स्वतंत्र भारताने 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यात प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत बोर्डाच्या परीक्षेची सक्ती ठेवली नाही. 2019 च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आणि गरज पडल्यास त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना दिली. महाराष्ट्राने ती स्वीकारली. शाळेत राहून मूल्यमापन नाकारण्याची सोय मात्र पालकाला या कायद्यात नाही.

सरकारला ती सोय आहे. 2009 च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत तामिळनाडू आणि हिमाचल प्रदेश उतरले आणि यादीच्या तळाशी राहिले. त्यानंतर 2012, 2015 आणि 2018 या तिन्ही फेऱ्यांना भारत बसलाच नाही. प्रश्न आपल्या मुलांच्या सामाजिक-सांस्कृतिक परिसराशी जुळत नाहीत, असे कारण देण्यात आले. उस्मानियाच्या काळातल्या जालन्याच्या बापाला हे कारण ओळखीचे वाटले असते.