शरणपूरची आफ्रिकन मुलं, आणि मोठ्या मुलाला लागणारा लळा

शरणपूर रोड म्हटलं की आपल्याला ट्रॅफिक आठवतं, कॅनडा कॉर्नर आठवतो. नावातल्या ‘शरण’कडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. पण हे नाव खरोखरच आसऱ्याला आलेल्यांच्या वस्तीचं आहे. त्या वस्तीत आफ्रिकेतून आलेली मुलंही वाढली, हे अनेक नाशिककरांना माहीत नसतं.

चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ च्या सुमारास नाशिकच्या वेशीबाहेर शरणपूर वसवलं. अनाथालय, शाळा आणि हाताला काम शिकवणारे कारखाने तिथे उभे राहिले. त्या काळात पूर्व आफ्रिकेतून माणसं पळवून अरबस्तान आणि इराणच्या आखातात विकली जात. ब्रिटिश आरमार अशी गलबतं पकडायचं. त्यातून सुटलेल्या लोकांपैकी काहींना मुंबईत उतरवत. माणसं तर सोडवली, पण मुलांना ठेवायचं कुठे? काही मुंबईतल्या घरांत कामाला लागली, काही मिशनच्या शाळांत गेली आणि १८६० नंतर बरीच शरणपूरला आली. त्यांच्यासाठीच्या आश्रमाला ‘आफ्रिकन असायलम’ म्हणत.

ही सगळी काही तान्ही बाळं नव्हती. आजच्या मलावी, मोझांबिक, टांझानिया या भागांतली ही मुलं. त्यातल्या अनेकांना आपलं नाव, गाव, आई आठवत होती. इथे त्यांना नवा धर्म मिळाला, नवी भाषा मिळाली, सुतारकाम-लोहारकाम मिळालं आणि नवी नावंही मिळाली. चेंगविंबे नावाचा एक मुलगा ‘मॅथ्यू वेलिंग्टन’ झाला. पोटाला अन्न, अंगावर कपडा, हातात कसब. आश्रमाच्या हिशेबाने सगळं व्यवस्थित होतं.

१८६५ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबई इलाख्यात आला. गव्हर्नर होते सर बार्टल फ्रियर. पुढच्या आफ्रिका सफरीसाठी लिव्हिंग्स्टनने शरणपूरची नऊ मुलं सोबत घेतली. त्याच्या रोजनिशीत ती ‘नासिक बॉइज’ म्हणून येतात. साहेबांची अपेक्षा साधी होती: मुलं ‘आपल्या देशात’ परत चालली आहेत, म्हणजे आनंदाने जातील, तिथेच रुजतील. प्रत्यक्षात रोजनिशीत आधी तक्रारीच दिसतात. मुलं आळशी आहेत, कुरकुर करतात, ऐकत नाहीत.

आणि मग १८६६ मधली एक नोंद येते. नऊ जणांतल्या अब्राहमला वाटेत एका नातलगाने ओळखलं. त्याच्याकडून कळलं की अब्राहमला पळवून नेल्यानंतर त्याची आई आणि दोन बहिणीही विकल्या गेल्या. नातलगाने त्याला राहायचा खूप आग्रह केला, आणखी एकाने केला, खुद्द लिव्हिंग्स्टनने केला. काही महिने पुरेल एवढं सामान द्यायचीही त्याची तयारी होती. अब्राहमचं उत्तर दर वेळी एकच: जिथे आई नाही, बहीण नाही, तिथे मी राहू कसा?

त्याच वर्षी, त्याच सफरीत याच्या अगदी उलटं घडलं. विकतानी हा मुलगा शरणपूरचा नव्हता, मुंबईतल्या शाळेतला. त्याला वाटेत भाऊ भेटला, बाकीची भावंडं जवळच राहतात हे कळलं. तो सफर सोडून तिथेच राहिला.

दोघांच्या या उत्तरांत मला सगळी गोष्ट दिसते. मोठ्यांच्या डोक्यात नकाशा होता: आफ्रिका म्हणजे यांचं घर. मुलांच्या मनात माणसं होती. आई असेल ते घर. भाऊ असेल ते घर.

मग शरणपूरमध्ये या मुलांना कुणाचाच लळा लागला नाही का? लागला, एकमेकांचा. १८६४ मध्येच विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर शरणपूरहून आपापल्या बायकांसह मोंबासाजवळच्या रबईला गेले होते. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या जंगलात वारला, तेव्हा त्याचं शव समुद्रापर्यंत नेणाऱ्या माणसांत नाशिकची मुलं होती. दफनविधीची प्रार्थना वाचली आणि झाडावर नाव कोरलं ते जेकब वेनराइटने. एप्रिल १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीच्या मानकऱ्यांत तो होता. आळशी ठरवलेल्या मुलांच्याच या पिढीतला तोही एक!

१८७५ मध्ये प्राइस यांनीच मोंबासाजवळ ‘फ्रियर टाउन’ वसवलं आणि इथली बरीच मंडळी तिकडे गेली. तिथे त्यांची ओळख काय? ‘बॉम्बे आफ्रिकन्स’. म्हणजे नाशकात ते आफ्रिकेचे आणि आफ्रिकेत मुंबईचे.

हा इतिहास आज सांगायचं कारण आहे. गुलामांच्या गलबतातून सुटलेलं मूल आणि कायद्याने दत्तक जाणारं मूल यांची बरोबरी होत नाही, हे आधीच स्पष्ट करतो. पण जाणत्या वयात देश, भाषा आणि माणसं बदलणं दोघांच्याही वाट्याला येतं. आपल्याकडे दत्तक घेणाऱ्यांना बहुतेक तान्हं बाळच हवं असतं. ‘मोठं मूल लागत नाही हो,’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. मग सात-आठ वर्षांची मुलं, भावंडांच्या जोड्या, आजारी मुलं आश्रमात थांबून राहतात आणि त्यातल्या अनेकांना घर मिळतं ते परदेशात. १९८४ च्या लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं होतं की परदेशी दत्तक द्यायचं तर शक्यतो तीन वर्षांच्या आत द्यावं, म्हणजे मूल तिथे मिसळून जाईल. पण ज्याचं तीन वर्षांचं वय कधीच उलटलंय, त्याचं काय?

कायदा आता पुढे आला आहे. मुलाच्या वयाप्रमाणे त्याची इच्छा विचारात घ्यावी लागते, भावंडं शक्यतो एकाच घरी द्यायची असतात, परदेशी गेल्यावर दोन वर्षं पाठपुरावा होतो. नियम चांगले आहेत. पण लळा नियमाने लागत नाही. आठ वर्षांची मुलगी नव्या बाईला महिनोन् महिने ‘आई’ म्हणणार नाही, पोळी उशीखाली लपवेल, मुद्दाम वस्तू फोडून बघेल की आता हे मला परत पाठवतात का. तेव्हा तिला ‘कृतघ्न’ म्हणणारे आपण आणि ‘आळशी’ लिहिणारा लिव्हिंग्स्टन, फरक काय?

म्हणून मागणी साधी आहे. मूल इथून जाताना त्याचं नाव, फोटो, आश्रमातल्या मावशींची आणि मैत्रिणींची आठवण, दोन मराठी गाणी त्याच्यासोबत जाऊ द्या. जुनं पुसलं की नवं लवकर रुजतं, हा समज शरणपूरच्या मुलांनी दीडशे वर्षांपूर्वीच खोटा ठरवलाय. अब्राहमला आईची आठवण होती म्हणून त्याच्यात काही कमी होतं असं नाही. माया करता येते, याचा तो पुरावाच होता.

शरणपूरच्या जुन्या कुटुंबांपैकी कुणाकडे या मुलांच्या आठवणी, फोटो, चर्चच्या नोंदी असतील तर नक्की कळवा. हा आपल्या गावाचा इतिहास आहे.